लुईचं अर्धं राहिलेलं वेड

दुधाच्या पिशवीवरचा 'पाश्चराइज्ड' हा शब्द तुम्ही रोज वाचता. लुई पाश्चर म्हटलं की तुम्हाला आठवतो तो दाढीवाला, रेबीजच्या लशीचा. पण ही गोष्ट त्याच्या पंचविशीतली आहे, म्हणून एकेरीतच सांगतो. तेव्हा त्याच्या डोक्यात ना लस होती, ना जंतू.

जन्म १८२२चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमवायचे. लुई चित्रं सुरेख काढायचा. केमिस्ट्रीत मात्र एका परीक्षेत शेरा मिळाला, साधारण. एटीकेटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये! पॅरिसच्या एकोल नॉर्मालची प्रवेश परीक्षा तो पास झाला, पण नंबर फार खालचा आला म्हणून त्यानं प्रवेशच नाकारला आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली.

१८४८. चिंचेला आंबट करतं ते टार्टारिक आम्ल वाइनच्या पिंपांतही साचतं. त्याच्या द्रावणातून पोलराइज्ड प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळतो. याच आम्लाचा एक जुळा भाऊ होता, रेसेमिक आम्ल. घटक तेच, पण प्रकाश जराही वळत नाही. दोघांच्या क्षारांचे स्फटिक अगदी सारखे, असं मिचरलिखसारखा मोठा शास्त्रज्ञ सांगून बसलेला. लुईला ते पटेना. त्यानं स्फटिक नीट निरखले. रेसेमिकच्या स्फटिकांत काहींचा एक बारीक पैलू उजवीकडे होता, तर काहींचा डावीकडे. डाव्या-उजव्या चपलेसारखी जोडी! एकेक स्फटिक वेचून त्यानं दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणानं प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या डावीकडे. दोन्ही एकत्र असले की हिशेब शून्य.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बियो यांचा यावर विश्वास बसेना. द्रव पदार्थ प्रकाश वळवतात हे त्यांनीच तर शोधलेलं. स्वतःकडचं आम्ल देऊन त्यांनी लुईला आपल्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा करायला लावलं. डाव्या ढिगाचं द्रावण यंत्रात ठेवलं आणि म्हातारा हरखून गेला. नशिबाचा भाग असा, की हे स्फटिक साधारण २७ अंशांच्या खालीच असे वेगळे होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लुईच्या हाती काहीच लागलं नसतं.

खरं वेड इथून पुढे. सजीवांमधले असे पदार्थ एकाच हाताचे का असतात? प्रयोगशाळेत बनवले तर निम्मे-निम्मे का? लुईला वाटलं, विश्वातच कुठलीतरी पिळाची शक्ती असणार. स्ट्रासबुर्गला त्यानं शक्तिशाली लोहचुंबक लावून पाहिले. लीलला घड्याळाची यंत्रणा आणि आरसा जोडून, रोपाला सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखा भासेल अशी खटपट केली. बियो यांनी यात पडू नकोस म्हणून बजावलं होतं. बायको मारी मात्र सासऱ्यांना कळवत होती, की हे जमलं तर घरात एक न्यूटन किंवा गॅलिलिओ असेल.

जमलं नाही. एका रेसेमिक क्षारातला फक्त उजवाच भाग बुरशी खाते, हे त्याला दिसलं. मग तो किण्वनाकडे वळला, तिथून जंतूंकडे. पुढचं तुम्ही शाळेत शिकलात. साठीतही एका व्याख्यानात त्यानं हा जुना विषय पुन्हा काढलाच.

माझ्या मते त्याचा प्रश्न बरोबर होता, हत्यार चुकलं. सूर्याची दिशा उलटवून भागत नाही, प्रकाशालाच पीळ हवा. असा स्क्रूच्या आट्यांसारखा फिरत जाणारा, सर्क्युलरली पोलराइज्ड प्रकाश फ्रेनेलनं लुईच्या जन्माच्या सुमारासच ओळखला होता. एका हाताचा रेणू तो थोडा जास्त शोषतो, दुसऱ्या हाताचा थोडा कमी. १९२९मध्ये जर्मनीत कून आणि ब्राऊन यांनी असा प्रकाश वापरून एका हाताचे रेणू जरा जास्त नष्ट करून दाखवले. १९९६मध्ये नेदरलँड्समध्ये बेन फेरिंगा यांच्या गटानं तर रेणूंचा हातच प्रकाशानं पालटला. फरक पडला एक टक्क्याहूनही कमी. पण ते रेणू लिक्विड क्रिस्टलमध्ये मिसळलेले होते. तिथे रेणू शेजाऱ्याकडे बघून वळतात, त्यामुळे एवढ्याशा फरकानंही अख्ख्या थरात जिन्यासारखा पीळ पडला.

या लिक्विड क्रिस्टलची पहिली चाहूल लागली १८८८मध्ये. प्रागला रायनिट्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ त्याला दोनदा वितळताना दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचं उद्घाटन झालं. लुई तेव्हा पासष्ट वर्षांचा होता.