व्यंगचित्रकार गगनेंद्रनाथ

बंगालच्या आधुनिक कलेचा इतिहास सांगताना अवनींद्रनाथ ठाकुरांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि त्यांचे थोरले बंधू गगनेंद्रनाथ त्या नावाच्या सावलीत उभे राहतात. रवींद्रनाथांचे पुतणे, अवनींद्रनाथांचे बंधू, अशी नात्यांवरूनच त्यांची ओळख करून देण्याची प्रथा पडून गेली आहे. वस्तुतः ज्या गृहस्थाने आपल्याच वर्गाचे, आपल्याच बैठकीत येऊन बसणाऱ्या मंडळींचे वाभाडे काढले आणि ते त्यांनाच पाहावयास लावले, त्याची दखल स्वतंत्रपणे घेतली जावयास हवी.

गगनेंद्रनाथांचा जन्म १७ सप्टेंबर १८६७ रोजी कोलकात्यातील जोडासाँको येथे झाला. पणजोबा द्वारकानाथांनी व्यापारउदिमात अमाप पैसा मिळविला. पुढील पिढ्यांच्या वाट्याला मुख्यतः जमिनीचा खंड आला. या खंडाच्या पैशावर बंगालमधील बरीचशी कला व साहित्य पोसले गेले, हे विसरून चालणार नाही. वडील गुणेंद्रनाथ १८८१ मध्ये वारले, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलावर घराचा भार आला. कलाशाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही. जलरंगाचे धडे हरिनारायण बंदोपाध्याय यांच्याकडे घेतले. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यास आले असता त्यांच्या कुंचल्याची चाल त्यांनी जवळून पाहिली. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’साठी त्यांनी काढलेली काळ्या शाईची चित्रे या अभ्यासाची साक्ष देतात.

१९०७ मध्ये दोघा बंधूंच्या पुढाकाराने ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’ स्थापन झाली. स्वदेशीच्या ऐन भरातली ही संस्था. पण तिच्या सभासदांत युरोपियनांचा भरणा मोठा होता. हायकोर्टाचे न्यायमूर्ती वुडरॉफ तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते आणि पहिले अध्यक्षपद सेनापती लॉर्ड किचनेर यांच्याकडे होते. पुढे सरकारी अनुदानही मिळाले. विलायती मालावरील बहिष्काराच्या काळात देशी कलेने साहेबाच्या आश्रयाने उभे राहावे, ही विसंगती उघड आहे. तिच्याबद्दल गगनेंद्रनाथांना सर्वस्वी दोषमुक्त करता येणार नाही. एवढे मात्र खरे की, विकत घेणारा वर्ग अत्यंत लहान असलेल्या समाजात वार्षिक प्रदर्शने सातत्याने भरविणे आश्रयदात्यावाचून शक्य नव्हते.

असे असता हाच गृहस्थ १९१७ च्या सुमारास व्यंगचित्रांकडे वळला. प्रदर्शनात टांगलेले जलरंगातील चित्र एकच असते आणि ते एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन नाहीसे होते. व्यंगचित्राला प्रती हव्यात. म्हणून ठाकुरांच्या वाड्यातच शिळाछाप यंत्र बसले. ‘विरूप वज्र’, ‘अद्भुत लोक’ आणि १९२१ चा ‘नव हुल्लोड’ (मराठीतील हुल्लड ती हीच) हे त्यांचे संग्रह. शिवाय रामानंद चटर्जींच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकातून त्यांची चित्रे सुशिक्षितांच्या घरोघरी गेली.

या चित्रांत काय आहे? अर्धा साहेब आणि अर्धा बाबू असा संकर झालेला बंगाली गृहस्थ आहे. सोवळ्याचा आव आणून सर्व काही उपभोगणारा पुरोहित आहे. जातिव्यवस्थेचे अजस्र जाते आहे, आणि त्याखाली माणसे भरडली जात आहेत. ‘विद्येचा कारखाना’ या चित्रात विद्यापीठ हे एक यंत्र होऊन बसले आहे. विद्यार्थी आत जातात ते चेपून बाहेर पडण्यासाठीच. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी सॅडलर आयोग १९१७ मध्येच नेमला गेला. त्याच्या जाडजूड अहवालाची आठवण आज किती जणांना आहे, हे सांगणे कठीण. गगनेंद्रनाथांचे यंत्र मात्र कोणत्याही शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात ओळखू येईल! जालियनवाला बागेनंतर पंजाबात शांतता नांदू लागल्याचे सरकारी सोंग त्यांनी अशाच कठोरपणे उघडे पाडले. गव्हर्नरांशी स्नेह असलेल्या जमीनदाराने हे करावे, यास धैर्य लागते. रेषा जाड, काळ्या रंगाचे मोठे पट्टे, विनोद बहुधा कडवट. हसविण्यापेक्षा झोंबणे हा या चित्रांचा धर्म होता.

लॉर्ड कारमायकेल गव्हर्नर असताना निघालेल्या ‘बेंगॉल होम इंडस्ट्रीज असोसिएशन’च्या कामात त्यांनी लक्ष घातले. खेड्यातील कारागिराच्या मालाला शहरात गिऱ्हाईक मिळवून देणे हा तिचा हेतू. घरातील युरोपीय फर्निचर काढून त्याजागी देशी पद्धतीच्या बैठका त्यांनी आधीच करविल्या होत्या, त्यामुळे हा उपदेश कोरडा नव्हता. नाटकाचीही त्यांना आवड होती. १९१७ मध्ये जोडासाँकोच्या वाड्यात ‘डाकघर’ झाले, त्यात त्यांनी माधवाची भूमिका केली. काँग्रेस अधिवेशनासाठी शहरात आलेल्या नेत्यांनी हा प्रयोग पाहिला, त्यांत लोकमान्य टिळकही होते.

डिसेंबर १९२२ मध्ये सोसायटीचे चौदावे वार्षिक प्रदर्शन समवाय मॅन्शन्समध्ये भरले. तेथे जर्मनीच्या बाउहाउस संस्थेतील कांडिन्स्की, क्ले आदींची चित्रे बंगाली चित्रकारांच्या चित्रांशेजारी मांडली गेली. याच सुमारास गगनेंद्रनाथ घनवादी शैलीत रंगवू लागले होते आणि स्टेला क्रामरिश यांनी ‘रूपम्’मध्ये त्याची नोंद केली होती. प्रकाशाचे तुकडे, जिने, अर्धवट उघडी दारे यांनी भरलेली ही चित्रे पॅरिसची नक्कल नव्हेत. रंगमंचावरील दिव्यांचा आणि जुन्या वाड्यातील अंधाराचा अनुभव त्यांत अधिक आहे. समीक्षकांनी या चित्रांचेच कौतुक अधिक केले. व्यंगचित्रांना दुय्यम मानण्याची खोड त्या काळापासूनचीच.

१९३० मध्ये पक्षाघाताने त्यांची वाचा गेली व कुंचलाही थांबला. तशा अवस्थेत आठ वर्षे काढून १४ फेब्रुवारी १९३८ रोजी ते निवर्तले. बंधूंचा तो वाडा पुढे विकला गेला आणि पाडण्यात आला. कोलकात्यात नंदनच्या परिसरात त्यांच्या नावाचे सरकारी प्रदर्शनगृह आहे. तेथे स्थानिक चित्रकारांच्या मंडळांची चित्रे लागतात.