खेळण्यातल्या फौजेचे सेनापती: एच. जी. वेल्स

टाइम मशीन, अदृश्य माणूस आणि मंगळावरून पृथ्वीवर चालून येणारे परग्रहवासी. या गोष्टी निघाल्या की एच. जी. वेल्स हे नाव आपोआप येतं. पण जगात असेही हजारो लोक आहेत जे टेबलावर सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडून लढाया खेळतात आणि बारीक ब्रशने त्यांचे गणवेश रंगवण्यात रात्री घालवतात. त्यांच्या लेखी वेल्स म्हणजे या छंदाचे आद्यपुरुष.

विशेष म्हणजे याच माणसाने युद्धाविरुद्धही लिहिलं. मग तो शिशाच्या शिपायांच्या नादाला लागला कसा?

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉमली गावात झाला. वडील जोसेफ चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचे, शिवाय केंट संघाकडून गोलंदाजी करायचे. दुकान कधी नीट चाललंच नाही. आई सारा पुढे एका श्रीमंतांच्या वाड्यावर घरकाम सांभाळणारी कारभारीण झाली. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी वेल्स यांचा पाय मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. तिथेच त्यांना पुस्तकांचं वेड लागलं.

तेराव्या वर्षी त्यांना आणखी एक वेड होतं. ब्रॉमलीच्या रस्त्यांवरून एकटं फिरताना ते मनातल्या मनात मोठे सेनापती व्हायचे. टेकडीवर तोफा लावायच्या, घोडदळ सोडायचं, शत्रूचा धुव्वा उडवायचा. हा कारभार रोज चालायचा आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

पुढची वर्षं मात्र हालाची होती. कापडाच्या दुकानात तेरा-तेरा तास उमेदवारी करून ते कंटाळले, तिथून सुटले आणि १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला विज्ञान शिकायला गेले. तिथे त्यांना थॉमस हक्सली यांच्याकडून जीवशास्त्र शिकायला मिळालं. १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' आली, १८९८ मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' आली आणि वेल्स यांचं नाव घराघरात पोहोचलं.

त्याच सुमारास लंडनमध्ये एक वेगळाच बदल घडत होता. तोपर्यंत खेळण्यातले चांगले सैनिक प्रामुख्याने जर्मनीहून यायचे. ते भरीव शिशाचे, त्यामुळे महाग असायचे. १८९३ मध्ये ब्रिटन्स या कंपनीने नवी पद्धत आणली. साच्यात वितळलेलं शिसं आणि अँटिमनी ओतायचं, बाहेरचा थर घट्ट झाला की आतला द्रव ओतून टाकायचा. सैनिक आतून पोकळ राहायचा, धातू कमी लागायचा आणि किंमत उतरायची. सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई कारखान्यात हाताने रंगवले जायचे. लाल कोट, निळ्या पँट, चकचकीत काळे बूट. रेजिमेंटनुसार कॉलरचा रंगसुद्धा बदलायचा. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतलं घोडदळही या पेट्यांमधून मिळायचं.

वेल्स तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सँडगेट इथे राहत होते. त्यांना जिप आणि फ्रँक हे दोन मुलगे झाले आणि घरात खेळण्यांचा पसारा वाढला. एकदा जेवणानंतर एक पाहुणा लेखक जमिनीवर मांडलेल्या शिपायांजवळ बसला. स्प्रिंगने लाकडी गोळी उडवणारी छोटी तोफ त्याच्या हाती लागली. त्याने नेम धरला, शिपाई पाडला आणि सगळ्यांनाच आव्हान दिलं. हा पाहुणा म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असं मानलं जातं. दोन मोठी माणसं जमिनीवर लोळण घेऊन नेमबाजी करू लागली आणि खेळाला सुरुवात झाली.

लवकरच नुसत्या नेमबाजीत मजा राहिली नाही. विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून टेकड्या झाल्या. लाकडी ठोकळ्यांची घरं झाली, झाडांच्या फांद्यांची राई झाली, खडूने नद्या आखल्या गेल्या. मग वेल्स यांनी नियम बसवले. पायदळाने एका चालीत एक फूट सरकायचं, घोडदळाने दोन फूट. प्रत्येक चालीला वेळेचं बंधन. तोफेजवळ पुरेसे शिपाई उभे असतील तरच ती डागता येणार. दोन्ही बाजूंची माणसं भिडली तर माणसामागे माणूस बाद करायचा. जी तुकडी एकटी पडेल आणि संख्येने फारच कमी असेल, ती कैद व्हायची. फासे कुठेच नव्हते. तोफेचा नेम आणि खेळणाऱ्याची अक्कल, यावर सगळा निकाल.

१९११ मध्ये त्यांनी 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक काढलं. त्यात त्यांनी एक तक्रारही केली. दुकानात बघावं तिकडे सैनिकच, साधा वाणी, पोस्टमन किंवा गावकरी मिळतच नाही. मुलांना शहर वसवायचं असेल तर त्यात राहायला माणसं कुठून आणायची?

१९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' आलं. लाल आणि निळ्या फौजांची एक काल्पनिक लढाई त्यात फोटोंसह रंगवून सांगितली आहे. फोटो त्यांची पत्नी कॅथरिन यांनी काढले होते. त्याआधीही युद्धखेळ होते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावर सराव देणारा 'क्रीगस्पील' होता. पण तो कामाचा भाग होता. घरातल्या जमिनीवर, मूर्ती मांडून, कोणालाही खेळता येईल असा सोपा नियमसंच वेल्स यांनी लोकांसमोर ठेवला.

पुस्तकाच्या शेवटी मात्र त्यांनी खेळ बाजूला ठेवला. त्यांचा मुद्दा साधा होता. या लढाईत कोणी मरत नाही, कोणाचं घर जळत नाही, आणि तरीही चुका ढिगाने होतात. खेळातली छोटी फौज हाकताना एवढा गोंधळ उडत असेल, तर खऱ्या युद्धात काय होईल? ज्यांना लढायची एवढी खुमखुमी आहे त्यांना एका मोठ्या खोलीत शिशाचे शिपाई देऊन कोंडावं, बाकीच्यांनी आपली कामं करावीत, असं त्यांनी सुचवलं. या खेळावर अनेक लष्करी अधिकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांचं मत आणखी पक्कं झालं होतं. मोठं युद्ध पेलण्याची समज यांच्यापैकी फार थोड्यांकडे आहे, असं त्यांना वाटलं.

जेमतेम वर्ष उलटलं आणि ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत रंगीत गणवेशांचा जमाना संपला. इंग्रज सैनिक आधीच खाकीत होते. फ्रेंच पायदळ मात्र निळे कोट आणि लाल पँट घालून मैदानात उतरलं आणि मशिनगनसमोर कापलं गेलं. जो रंग खेळात शिपाई चटकन ओळखू यावा म्हणून हवा असतो, तोच रणांगणावर जीव घेतो. पुढच्या वर्षी फ्रान्सनेही फिका निळसर गणवेश आणला.

आणि वेल्स? त्यांनी युद्धाला विरोध केला नाही. जर्मन लष्करशाही मोडली की युद्धच कायमचं संपेल, असं ते लिहू लागले. १९१६ मध्ये त्यांनी फ्रान्स आणि इटलीची आघाडी पाहिली. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या कादंबरीत एक लेखक बाप आपला मुलगा युद्धात गमावतो. १९१८ मध्ये काही महिने त्यांनी सरकारच्या प्रचार विभागातही काम केलं. ज्यांना खोलीत कोंडायला ते निघाले होते, त्यांच्याच बाजूला ते जाऊन बसले, असं टीकाकारांनी म्हटलं तर ते अगदीच चूक नव्हतं.

युद्ध संपलं, पण युद्धांचा शेवट काही झाला नाही. वेल्स यांनी उरलेलं आयुष्य जगाचं एकच सरकार असावं या विचारासाठी खर्च केलं. १९३४ च्या आत्मचरित्रात त्यांनी ब्रॉमलीच्या रस्त्यावरचा तो तेरा वर्षांचा सेनापती लपवला नाही. उलट हिटलर म्हणजे आपलंच ते पोरवयातलं स्वप्न खरं होऊन समोर आलेलं रूप आहे, असं त्यांनी ओळखलं. फरक एवढाच होता की त्यांनी आपली हौस शिशाच्या शिपायांवर भागवली होती. १९१४ च्या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना मांडली होती. हिरोशिमाची बातमीही त्यांना पाहावी लागली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा खेळ मात्र टिकला. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात लढलेले डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये 'वॉर गेम्स' लिहिलं आणि छंदाला नव्याने उभारी आली. एअरफिक्सचे प्लॅस्टिकचे स्वस्त सैनिक तोपर्यंत बाजारात आले होते. १९६६ मध्ये ब्रिटन्सने पोकळ शिशाचे सैनिक बनवणं थांबवलं.

आज बरेच जण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लढाया खेळतात. खेळाडू त्याला आधुनिक काळ म्हणतात. त्या मूर्ती रंगवण्याची रीत वेल्स यांच्या शिपायांच्या अगदी उलट आहे. आधी प्रायमर, मग खाकी किंवा हिरवट रंग, त्यावर कॅमफ्लाजचे ठिपके. पातळ काळपट रंग सुरकुत्यांत सोडायचा, कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या, बुटांवर चिखल लावायचा आणि शेवटी मॅट वॉर्निशने सगळी चमक घालवायची.

शेजारच्या फौजेपेक्षा वेगळं दिसावं म्हणून एकेकाळी शिपाई रंगवला जायचा. आता तो जमिनीत मिसळून जावा म्हणून रंगवला जातो. खेळ संपला की तो पुन्हा डब्यात जातो. वेल्स यांना लढाईकडून एवढीच अपेक्षा होती.