बार्शी लाईटचे कॅलथ्रॉप

चैत्र महिन्यात परांडा तालुक्यातील सोनारी येथे श्रीकाळभैरवनाथाची यात्रा भरते आणि दूरदूरचे भाविक आपल्या कुलदैवताच्या दर्शनास धाव घेतात. सोनारीस रेल्वे नाही. आगगाडीने येणाऱ्याने कुर्डुवाडी, बार्शी अथवा जेऊर यांसारख्या स्थानकावर उतरावे आणि पुढची वाट मोटारीने काटावी, हाच रिवाज आहे. या भागाला मुळात रेल्वे मिळाली ती ज्या पुरुषाच्या चिकाटीमुळे, त्याची पुण्यतिथीही याच सुमारास, ३० मार्च रोजी येते. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हे त्याचे नाव. बार्शी लाईट ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या जिव्हाळ्याची गाडी. परंतु तिच्या निर्मात्याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. वेगवान गाड्यांची चर्चा घरोघर चालू असताना ते करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ साली इंग्लंडात झाला. घराणे शेतकऱ्याचे. परंतु त्यातून रेल्वेचे दोन जाणकार निपजले. एव्हरार्ड यांचे धाकटे बंधू सर गाय हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. स्वतः एव्हरार्ड यांनी याच रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात उमेदवारी केली आणि १८८२ साली ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. हाताखाली इंजिने होती. पण डोळे रुळांच्या पलीकडे पाहत होते. मुख्य मार्ग पुण्याहून सोलापूरकडे सरळ निघून जात होता आणि कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी त्या मार्गापासून २१ मैल दूर राहिली होती. एवढ्या अंतरासाठी बैलगाड्यांच्या रांगा लागत. मुख्य मार्ग कितीही उत्तम असला, तरी त्याच्यापर्यंत पोचण्यातच माणसाचा दिवस मोडत असेल, तर त्या उत्तमपणाचा त्याला उपयोग काय? हा प्रश्न या तरुण अभियंत्याच्या मनाने घेतला आणि तोच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

उत्तर सोपे नव्हते. रुंद मापाचा मार्ग टाकावा तर खर्च झेपत नाही. हलका मार्ग टाकावा तर तो ओझ्याखाली टिकत नाही. कॅलथ्रॉप यांनी ही कोंडी ज्या तत्त्वाने फोडली, ते बैलगाडी हाकणाऱ्यासही सहज उमगावे. रस्ता मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एकेका चाकावर पडणाऱ्या वजनाने. तेव्हा ओझे सर्व आसांवर सारखे वाटून द्यावे आणि कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ देऊ नये, असा त्यांनी दंडक घातला. इंजिनाचा भार सहा आसांवर पसरला, डब्यांच्या चौकटी दाबीव पोलादाच्या करून त्यांचे वजन घटविले आणि यार्डास ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवर, केवळ अडीच फूट रुंदीच्या मार्गावर, पुरेसा माल व पुरेसे उतारू वाहून दाखविण्याची सिद्धता केली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी हे डबे-इंजिन त्यांनी लीड्सजवळ न्यूले येथे प्रायोगिक मार्गावर चालवून जाणकारांपुढे ठेवले.

योजना मनात आल्यापासून रूळ पडेपर्यंत सुमारे दहा वर्षे लोटली. भांडवल जमविणे आणि सरकारी परवानग्या मिळविणे यांत ऐन उमेदीची वर्षे गेली. अखेर १८९५ साली कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. १९०६ साली ती पंढरपुरास पोचली आणि वारकऱ्यांची झाली. दुसऱ्या अंगाने निजामाच्या मुलखात शिरून १९११ साली तिने लातूर गाठले. १९२७ साली ती मिरजेस भिडली आणि मार्गाची एकूण लांबी २०२ मैल भरली. त्याच वर्षी कॅलथ्रॉप यांनी देह ठेवला.

त्यांच्या उत्तरार्धातील एक प्रकरण येथे सांगितलेच पाहिजे. विमानातून उडी घेणाऱ्याचा जीव वाचविणारी हवाई छत्री त्यांनी तयार केली आणि तिला रक्षक देवदूताचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक जळत्या विमानांसह कोसळत होते, तरी ही छत्री त्यांना देण्यास वरिष्ठ नाखूष होते. कॅलथ्रॉप यांनी तिच्यासाठी शक्ती वेचली, पैसा वेचला, आणि निराशा पत्करली. यंत्रापेक्षा त्यात बसणारा माणूस मोलाचा, ही त्यांची धारणा त्या हलक्या डब्यांतही होती आणि या छत्रीतही होती.

तथापि गौरव करताना उणीव झाकणे हे खऱ्या आदराचे लक्षण नव्हे. अरुंद मापाने मार्ग स्वस्त झाला, पण कुर्डुवाडीस मापांचा सांधा तुटला. मुंबईहून लातुरास जाणाऱ्या उताऱ्याला सामानसुमान, मुलेबाळे घेऊन गाडी बदलावी लागे आणि मालाच्या प्रत्येक पोत्याला दोनदा हमालाचा खांदा लागे. कॅलथ्रॉप यांना या दोषाची जाणीव होती. इंग्लंडातील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ साली सुरू झालेल्या अरुंद मार्गासाठी त्यांनी रुंद मापाची वाघीण जशीच्या तशी पाठीवर घेणारी वाहने योजिली. परंतु बार्शी लाईटवर हा दोष शतकभर राहिला. १९५४ साली ही रेल्वे सरकारच्या ताब्यात आली, तरी पंढरपूरचा फाटा रुंद होण्यास २००२ साल उजाडले, लातूरचा मार्ग २००८ साली पुरा झाला आणि मिरजेचा २०१० साली. त्या रुंदीकरणाची किंमत एप्रिल २०१६ मध्ये सर्वांस कळली. तहानलेल्या लातुराला मिरजेहून पाण्याची गाडी याच वाटेने गेली आणि वाटेत एकही थेंब दुसऱ्या वाघिणीत ओतावा लागला नाही.

आता आजच्या स्थितीकडे वळू. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी कुर्डुवाडीस थांबते. या गाडीच्या पुढे एकच बलदंड इंजिन नसते. तिचे बळ निम्म्या डब्यांच्या आसांवर वाटलेले असते, म्हणून ती थांब्यावरून झटकन वेग घेते. भार वाटून देणारे कॅलथ्रॉप आणि बळ वाटून देणारे आजचे अभियंते यांच्या विचारांतील हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु ताशी १६० किलोमीटर धावण्याची ताकद असलेली ही गाडी मुंबई-सोलापूर हे सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर काटण्यास साडेसहा तासांच्या आसपास घेते. म्हणजे सरासरी ताशी सत्तरच. दोष गाडीचा नाही. भोर घाटाचा ३७ फुटांस एक फूट असा चढ, वळणे, पूल, फाटके आणि त्याच रुळांवरील मालगाड्या व लोकल यांची दाटी तिचे पाय धरून ठेवतात. गाडीचा वेग मार्गातील सर्वांत दुबळा दुवा ठरवितो, इंजिनावर लिहिलेला आकडा नव्हे.

आणि मुख्य मार्गाची ही कथा, तर फाट्याची काय असणार? कुर्डुवाडी-लातूर मार्ग आजही एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला बाजूच्या रुळावर उभे राहावे लागते आणि ही पाळी बहुधा साध्या पॅसेंजरवर येते. जलद गाडीची दहा मिनिटे वाचावीत म्हणून पॅसेंजरमधील शेतकरी, विद्यार्थी आणि रुग्ण यांचा अर्धा तास खर्ची पडतो. वाचलेल्या मिनिटांची जाहिरात होते. गेलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आमचे म्हणणे जलद गाड्यांविरुद्ध नाही. त्या हव्यात आणि अधिक हव्यात. लातूर येथे, कॅलथ्रॉप यांच्या रुळांनी १९११ साली गाठलेल्या गावी, आज डब्यांचा कारखाना उभा आहे आणि वंदे भारतचे शयनयान डबे बांधण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु ज्या भूमीत वेगवान डबे बांधावयाचे, तेथील उताऱ्याच्या वाट्याला बाजूच्या रुळावरचे ताटकळणे येऊ नये. यास्तव एकेरी फाट्यांवर गाड्या ओलांडण्याच्या सोयी वाढवाव्यात, फाटकांच्या जागी पूल व्हावेत, पॅसेंजरची वेळ जलद गाडीच्या वेळेशी जुळवावी, आणि स्थानकाबाहेर गावोगावच्या मोटारी गाडीच्या वेळेस हजर असाव्यात. यांपैकी कशातही दिपवून टाकणारे काही नाही. परंतु खरा वेग यातूनच निर्माण होतो.

प्रवास स्थानकावर सुरू होत नाही, तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो, हे कॅलथ्रॉप यांनी बार्शीच्या बैलगाड्यांकडे पाहून ओळखले होते. मुंबईहून कुर्डुवाडीपर्यंत वाऱ्याच्या वेगाने आलेला भाविक तेथून सोनारीच्या देवळापर्यंत किती वेळात पोचला, हे ज्या दिवशी रेल्वेच्या आणि सरकारच्या वहीत नोंदले जाऊ लागेल, त्या दिवशी आगगाडीचा वेग खऱ्या अर्थाने वाढला असे आम्ही म्हणू. या दूरदर्शी अभियंत्याचे तेच उचित स्मारक होईल.