दोन डोळे, एक तोफ आणि जनरल वैद्य

एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेले आजोबा चहा ओततात तेव्हा तो बशीत सांडतो. आमच्या तपासणीत असे रुग्ण आठवड्याला दोन-चार तरी येतात. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. ही युक्ती जवळच्या वस्तूंसाठी उत्तम, पण लांबच्या वस्तूसाठी सहा सेंटिमीटर अपुरे पडतात. कसालच्या तिठ्यावर मालवणकडे वळणारा एसटीचा चालक समोरच्या ट्रकचा आकार, वेग आणि स्वतःचा अनुभव यांवरूनच अंदाज बांधतो.

अमेरिकेने पॅटन रणगाड्यात यावर उपाय केला. बुरुजाच्या दोन्ही टोकांना भिंगे बसवली, म्हणजे तोफचीचे डोळेच जणू एकमेकांपासून दूर नेले. त्याने यंत्रातली खूण लक्ष्याच्या खोलीवर आणून टेकवायची, की अंतर कळते. एम-48 या नमुन्यात ते अंतर यांत्रिक गणकाकडे जाई आणि तोफ किती उचलायची हे गणक ठरवी. माणूस आणि यंत्र यांची ही जोडी 1965 मध्ये पंजाबच्या शेतात उतरली. तिच्यासमोर उभ्या राहिलेल्यांपैकी एक होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य.

वैद्यांचा जन्म 27 जानेवारी 1926 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते 1945 मध्ये चिलखती दलात अधिकारी झाले. वीस वर्षांनी डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटची सूत्रे त्यांच्या हाती होती. त्यांच्याकडचे शर्मन रणगाडे दुसऱ्या महायुद्धातले होते. अंतर मोजायचे डोळ्याने, गोळा टाकायचा, तो कुठे पडला ते पाहून पुढचा सुधारायचा. पॅटनचे समोरचे चिलखत लांबून भेदणे शर्मनच्या तोफेच्या आवाक्याबाहेरचे होते.

खेमकरण हातचे गेल्यावर भारतीय तुकड्या मागे सरून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालासारख्या आकारात बसल्या. ही आखणी एकट्या वैद्यांची नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग आणि चिलखती ब्रिगेडचे ब्रिगेडियर थिओगराज यांचा त्यात मोठा वाटा. कालव्याचे पाणी सोडून शेते दलदलीची केली. रणगाडे उभ्या उसात लपवले. शत्रू अगदी जवळ येऊन कूस दाखवेपर्यंत तोफ डागायची नाही, असे ठरले.

इथे शरीरशास्त्र आडवे आले, असे मला वाटते. द्विनेत्री अंतरमापकाला चांगली खोलीची दृष्टी असलेला तोफची लागतो. तिरळेपणा किंवा लहानपणी आळशी राहिलेला डोळा असेल, तर ती दृष्टी कमी असते किंवा मुळीच नसते. साध्या तक्त्यावर सगळी अक्षरे वाचणाऱ्यालाही ही उणीव असू शकते. शिवाय थकवा, हादरे आणि धूळ. असे नाजूक काम शिकायला सराव लागतो आणि पाकिस्तानच्या तुकड्यांना नव्या यंत्रांचा सराव पुरेसा नव्हता, असे युद्धाचे अभ्यासक मानतात. उसाच्या फडात तर लांबचे लक्ष्य दिसतच नव्हते. ज्या अंतरासाठी यंत्र बनवले होते, ते अंतरच वैद्यांच्या बाजूने त्याला मिळू दिले नाही. 8 ते 10 सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. वैद्यांना महावीर चक्र मिळाले. पुढे अमेरिकेनेही नंतरच्या पॅटनमध्ये द्विनेत्री मापक काढून, एकाच डोळ्याने दोन प्रतिमा जुळवण्याचे सोपे साधन बसवले.

1971 मध्ये वैद्य 16 स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख म्हणून शकरगढ भागात होते. बसंतर नदीपलीकडे खोल सुरुंगपट्टा होता. वाट पूर्ण मोकळी होण्यापूर्वीच पलीकडे शत्रूचे रणगाडे जमल्याची खबर आली, तेव्हा पूना हॉर्स न साफ केलेल्या भागातून पुढे घुसली. त्या रेजिमेंटचे कमांडर हनुत सिंग होते आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथेच लढताना पडले. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले.

अशा रात्री सेनापती किती तास जागा असतो, याकडे डॉक्टर म्हणून माझे लक्ष जाते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू घेतलेल्या माणसासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसले आहे. आपण मंदावलो आहोत हे त्याचे त्याला नीट कळत नाही. यंत्र थकत नाही, म्हणून आज सेनेत संगणक आणले जात आहेत. वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र करून हवाई धोक्याचे चित्र दाखवणारी ‘आकाशतीर’ प्रणाली त्यांपैकीच.

पण थकलेला माणूस यंत्राने सुचवलेले तपासून न पाहता मान्य करतो, ही दुसरी अडचण. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे वाचणारी संगणक प्रणाली आता सरकारी कार्यक्रमात आली आहे. जुना, बरा झालेला क्षयाचा डागही ती कधी कधी संशयित ठरवते. रुग्णाने दहा वर्षांपूर्वी औषधे पूर्ण केली आहेत, हे त्याला विचारल्यावरच कळते. रात्रपाळीच्या शेवटी तो प्रश्न विचारायची ताकद उरलेली असावी, यासाठी पाळ्यांचे तास ठरवावे लागतात. संगणक विकत घेताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

वैद्य 1983 मध्ये लष्करप्रमुख झाले. 1984 च्या एप्रिलमध्ये सियाचिनवर सैनिक चढवले गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत. उंचावरचा फुप्फुसांचा सूज-विकार आणि हिमदंश हे तेव्हापासून लष्करी डॉक्टरांचे रोजचे काम झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सुवर्णमंदिरातली कारवाई झाली. निर्णय सरकारचा, अंमलबजावणी लष्कराची. जानेवारी 1986 मध्ये निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले. 10 ऑगस्ट 1986 रोजी बाजारातून घरी परतताना ते स्वतः मोटार चालवत होते. मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जखमी झाल्या, पण वाचल्या.