झेंडूच्या फुलांचे माळी

दसरा जवळ आला म्हणजे चंद्रपूर काय, गडचिरोली काय, प्रत्येक बाजारांत झेंडूच्या फुलांचे ढीग दिसूं लागतात. गुलाबाचा मान या फुलास नाहीं. तथापि त्याच्यावांचून दारावरचें तोरण पुरें होत नाहीं. प्रह्लाद केशव अत्रे यांनीं आपल्या विडंबनकवितांच्या संग्रहास याच साध्या फुलाचें नांव दिलें. थोरांची थट्टा करण्याचा अधिकार कोणास असतो, हें विद्यार्थ्यांनीं त्यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं पुणें जिल्ह्यांत, सासवडजवळील कोडीत या गांवीं झाला. कऱ्हा नदीच्या कांठीं त्यांचें बालपण गेलें व पुढें पुण्यांत शिक्षण झालें. कवि गोविंदाग्रज म्हणजेच राम गणेश गडकरी यांना ते गुरु मानीत. हे गडकरी १९१९ सालीं आपल्या विदर्भांत, सावनेर येथें निवर्तले. एकाच लेखणींतून करुण काव्य व निर्मळ विनोद कसा उतरतो, याचा धडा शिष्यानें गुरूपासून घेतला.

तो काळ कवितेच्या भरतीचा होता. १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश इत्यादि कवींनीं काव्यगायनाची गोडी घरोघर पोंचविली. परंतु भरतीबरोबर फेंसही येतो. प्रेमाचे उसासे, फारशी शब्दांची आतषबाजी आणि क्षुल्लक विषयाचा डौल यांची अनुकरणें बोकाळलीं. तेव्हां १९२५ सालीं केशवकुमार या नांवानें अत्रे यांनीं 'झेंडूचीं फुलें' रसिकांपुढें ठेविलीं आणि महाराष्ट्र पोट धरून हंसला.

त्यांतील 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता पाहा. एक प्रेमी आपल्या प्रियेस नित्य गुलाबाचीं फुलें देतो. अखेर तिचें मन जाणूं पाहतो, तों ती घरांतून बरणी आणून त्याच्यापुढें ठेवते. एकही पाकळी वायां गेलेली नसते. साऱ्यांचा गुलकंद झालेला असतो! येथें कोणा व्यक्तीचा उपहास नाहीं. पोकळ भावनेला व्यवहाराचा धक्का आहे. मात्र हा आनंद पुरता घेण्यास मूळ प्रेमकवितांचा परिचय हवा. मूळ ओळखीचें असलें म्हणजेच नक्कल रुचते. म्हणून विडंबनाचा उत्तम वाचक तोच, ज्यास चांगली कविता पाठ असते.

अत्रे नुसते थट्टेखोर नव्हते. पुण्याच्या कॅम्पांत ते शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि अध्यापनशास्त्र शिकण्यासाठीं विलायतेसही गेले. मुलांकरितां त्यांनीं 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. 'आजीचें घड्याळ' ही त्यांचीच प्रेमळ कविता कित्येक पिढ्यांनीं शाळेंत म्हटली. ज्यास स्वतः गंभीर कविता रचतां येते, त्यासच दुसऱ्याच्या कवितेचें वर्म दाखविण्याचा अधिकार पोंचतो.

पुढें 'साष्टांग नमस्कार'सारखीं नाटकें, 'मराठा' हें दैनिक व संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांनीं त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्यांनीं काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. १३ जून १९६९ रोजीं त्यांचा अंत झाला.

सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. वृत्तपत्री वादांत, विशेषतः ना. सी. फडके यांच्याशीं झालेल्या दीर्घ कलहांत, त्यांची लेखणी दोष सोडून माणसावर घसरे. तीं भांडणें आतां फारशीं कोणी वाचीत नाहीं. 'झेंडूचीं फुलें' मात्र अद्याप टवटवीत आहेत. कारण त्यांच्या मुळाशीं काव्याचें प्रेम होतें.

आपले विद्यार्थीही स्नेहसंमेलनांत पाठ्यपुस्तकांतील कवितांचीं विडंबनें रचतात. त्यांनीं तीं अवश्य रचावींत. मात्र आधीं ती कविता तोंडपाठ करावी, तिचें वृत्त समजून घ्यावें, आणि आपली थट्टा ऐकून तो कविही मनमोकळा हंसला असता कीं नाहीं, हें स्वतःस विचारावें.