सेवेला विद्येची जोड देणाऱ्या रमाबाई रानडे

सरकारी नोकरीतल्या बदल्यांचे सुखदुःख आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पतीच्या बदल्यांबरोबर नाशिक, धुळे असा प्रवास करणाऱ्या एका गृहिणीने पुढे हजारो भगिनींना स्वावलंबनाचा मार्ग दाखविला. त्या कै. रमाबाई रानडे यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी अंकात औचित्याचे ठरेल.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सातारा जिल्ह्यातील (आता सांगली जिल्हा) देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्यांचा विवाह न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. कचेरीचे काम आटोपल्यावर माधवराव स्वतः त्यांना शिकवीत. मराठी झाल्यावर इंग्रजी सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचा वाढता भार हे सारे त्यांनी मुकाट्याने सोसले. उलट उत्तर दिले नाही, पण पुस्तकही खाली ठेवले नाही.

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाले. त्यासाठी भरलेल्या जाहीर सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. त्या दिवशी सभेत टाळ्या आणि घरी बोलणी, असा दुहेरी आहेर त्यांच्या पदरी पडला.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचे निधन झाले. त्या काळी वैधव्य म्हणजे स्त्रीच्या सार्वजनिक जीवनाचा अंतच. रमाबाईंनी मात्र काही काळाच्या एकांतानंतर आपले दुःख कामात विलीन केले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना त्या भेटत, त्यांना धीर देत. मुंबईच्या सेवासदनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदनाची स्थापना केली.

या संस्थेचे वैशिष्ट्य समजून घेण्यासारखे आहे. विधवा व निराधार स्त्रियांना केवळ आश्रय व अन्न दिले तर त्या कायमच्या परावलंबी राहतात, हे रमाबाईंनी ओळखले होते. म्हणून साक्षरतेबरोबर शिवण, भरतकाम, अध्यापन यांचे शिक्षण देण्यात येऊ लागले. त्याहून धाडसाचे पाऊल म्हणजे परिचारिका व सुईण यांच्या शास्त्रीय शिक्षणाची सोय. उच्चवर्णीय विधवेने रुग्णालयात परक्या माणसांची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना असह्य होती. परंतु प्रसूतीच्या वेळी अज्ञानापायी माता व बालके दगावत असताना विटाळाचा विचार करीत बसणे त्यांना योग्य वाटले नाही. शिकलेल्या हातांना मान मिळाला, वेतन मिळाले, आणि समाजाला वैद्यकीय सेवा मिळाली. व्यवसायशिक्षण आणि समाजहित यांची इतकी सहज सांगड त्या काळी विरळाच.

पुढे पुण्यातील मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, तसेच स्त्रियांना मताधिकार मिळावा, या चळवळींतही त्या अग्रभागी राहिल्या. पतीच्या सहवासाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मयात त्याचे स्थान आजही अबाधित आहे. १९२४ मध्ये त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये भारतीय डाक खात्याने त्यांचे तिकीट काढून राष्ट्राची कृतज्ञता व्यक्त केली.

आज आपल्या मुली प्रयोगशाळांत, कारखान्यांत, रुग्णालयांत काम करतात. काही स्वतःचे उद्योग उभारतात. परमुलखात राहताना एखादी भगिनी अचानक एकाकी झाली, तर तिच्या मदतीला चार घरे धावून जातात, हे आपल्या मंडळाचे भूषणच होय. परंतु धावून गेलेल्यांनी तिच्या हाती केवळ तात्कालिक साहाय्य ठेवावे की चरितार्थाची विद्याही द्यावी, हा प्रश्न उरतोच. रमाबाईंनी त्याचे उत्तर १९०९ सालीच कृतीने दिले आहे. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत आपल्या महिला शाखेने ते उत्तर आपलेसे करावे, अशी नम्र विनंती आहे.