शेलफर्डच्या उतारावरील इंद्रधनुष्य

२००९ सालच्या एप्रिलअखेरीस, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, बँकेची एलटीसी घेऊन आम्ही काश्मीरला गेलो होतो. श्रीनगरबाहेर गाडीचे चाक पंक्चर झाले आणि ड्रायव्हर ते बदलत असताना आम्ही रस्त्याकडेच्या एका जुन्या कबरस्तानापाशी उभे राहिलो. कबरींच्या मधल्या जागेत पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे फुलले होते. पाने आपल्या वेखंडासारखी, तलवारीच्या पात्यासारखी सरळ. वर उंच दांड्यावर एक मोठे, रेशमी पोताचे फूल. तीन पाकळ्या वर घुमटासारख्या जुळलेल्या, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर मऊ केसांचा एक पट्टा. ही फुले इकडे कबरींवर मुद्दाम लावतात, असे ड्रायव्हरने सांगितले. चाक बदलून झाले, आम्ही पुढे निघालो आणि ते फूल मनात राहून गेले.

पुढे निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी बागकामाची पुस्तके चाळत होतो, तेव्हा ते पुन्हा भेटले. त्याचे नाव आयरिस. ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून ठेवलेले. आपल्याकडे त्याला रूढ नाव नाही, कारण ते आपल्याकडे फारसे होतही नाही. या दाढीवाल्या आयरिसला कडक थंडी लागते आणि उन्हाळ्यात कोरडी जमीन लागते. आपला पाऊस त्याचे गड्डे कुजवून टाकतो. पण त्या पुस्तकांत फुलापेक्षा एका माणसाचे नाव मला वारंवार भेटू लागले, आणि कादंबरी बाजूला ठेवून मी त्या माणसाच्या मागे लागलो. सर मायकेल फॉस्टर. शरीरक्रियाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते. आयरिस लावणाऱ्यांनाही ठाऊक असते. गंमत अशी, की दोघांनाही बहुधा अर्धाच माणूस ठाऊक असतो.

फॉस्टर यांचा जन्म १८३६ सालचा, इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावचा. वडील तिथले शल्यचिकित्सक. घराणे बॅप्टिस्ट पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. ही गोष्ट आज किरकोळ वाटेल, पण त्या काळी तिने आयुष्याची दिशा ठरत असे. केंब्रिज हंटिंग्डनपासून जवळ, मुलगा हुशार, पण तिथल्या मानाच्या जागा चर्चच्या माणसांसाठी राखलेल्या होत्या. तेव्हा त्यांची रवानगी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाली. १८५९ साली ते एम. डी. झाले. त्याच सुमारास गोगलगाईच्या हृदयाचे ठोके कशाने पडतात, या प्रश्नाने त्यांना झपाटले. एवढ्यात छातीच्या दुखण्याची लक्षणे दिसू लागली. क्षय म्हणजे त्या काळी मृत्यूचे बोलावणेच. हवापालट म्हणून तांबड्या समुद्रात दीपस्तंभ उभारायला निघालेल्या जहाजावर ते डॉक्टर म्हणून गेले. परत आले ते गावी, वडिलांबरोबर प्रॅक्टिस करायला.

पुढली पाच-सहा वर्षे खेडोपाडी रोगी तपासण्यात गेली. संशोधनाची ओढ असलेला माणूस, ऐन तिशीत, गावातल्या दवाखान्यात अडकलेला. मी स्वतः तालुक्याच्या शाखांत बसून रात्री कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे या वर्षांबद्दल चरित्रकार दोन ओळींत उरकतात तेव्हा मला जरा राग येतो. त्या दोन ओळींत एक संसारही आहे. १८६३ मध्ये जॉर्जिना एडमंड्स यांच्याशी लग्न झाले आणि १८६९ मध्ये त्या वारल्या. तोवर लंडनच्या कॉलेजने त्यांना प्रात्यक्षिके शिकवायला परत बोलावले होते.

१८७० मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायला नेमले. ज्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून त्यांना पाऊल टाकता आले नव्हते, तिथे ते शिक्षक म्हणून गेले. सुरुवातीला प्रयोगशाळेच्या नावाने एक खोली होती. विद्यार्थ्याने फक्त व्याख्यान ऐकून जायचे नाही, बेडकाचे हृदय स्वतः पाहायचे, सूक्ष्मदर्शक स्वतः हाताळायचा, हा त्यांचा आग्रह. १८८३ साली ते तिथले या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे पाठ्यपुस्तक गाजले. १८७८ मध्ये त्यांनी सुरू केलेले शरीरक्रियाशास्त्राचे नियतकालिक अजून निघते. रॉयल सोसायटीचे चिटणीसपद त्यांनी १८८१ पासून १९०३ पर्यंत, बावीस वर्षे, सांभाळले.

मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर मोठा शोध नाही. हृदयाचा ठोका हृदयाच्या स्नायूतूनच उठतो, हे सिद्ध केले ते त्यांच्या शिष्याने, गॅस्केलने. स्वायत्त मज्जासंस्थेचा नकाशा काढला तो दुसऱ्या शिष्याने, लँग्लीने. शेरिंग्टनसुद्धा त्यांच्याच प्रयोगशाळेत घडले, आणि त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळाले. गोगलगाईच्या हृदयापासून निघालेला प्रश्न फॉस्टर यांनी दुसऱ्यांच्या हाती दिला आणि स्वतः त्यांच्यासाठी खोल्या, पैसे, उपकरणे आणि जागा मिळवत बसले. बँकेत असे एक-दोन अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे पुढे जनरल मॅनेजर होतात, आणि निरोप समारंभात त्यांच्याबद्दल काय बोलावे हे कुणालाच सुचत नाही.

या सगळ्या समित्या, कागदपत्रे आणि परीक्षांमधून माणूस घरी येई तो केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्ड गावी. १८७२ मध्ये त्यांनी मार्गारेट रस्ट यांच्याशी दुसरे लग्न केले होते. घर खडूच्या टेकडीच्या उतारावर. खडूची जमीन म्हणजे चुन्याची, पाणी झरकन निचरून जाणारी. गुलाबवाले अशा जमिनीवर नाक मुरडतात. आयरिसला ती स्वर्गासारखी. त्याचा गड्डा हळदीच्या गड्ड्यासारखा आडवा वाढतो, आणि गंमत म्हणजे तो मातीत पूर्ण पुरायचा नाही. पाठ उघडी ठेवायची, म्हणजे ती उन्हात भाजून निघते आणि पुढच्या वर्षी फूल येते. फॉस्टर यांच्या उतारावर पुढे आयरिसच्या कितीतरी जाती नांदू लागल्या.

आणायच्या कुठून? युरोपातल्या बागांत ठरावीक आयरिस होते. खरे भांडार होते तुर्कस्तान, सीरिया, इराण, मध्य आशिया आणि काश्मीर इथल्या डोंगरांत. प्राध्यापकाला तिकडे जायला सवड नव्हती. मग त्यांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. तिकडच्या मिशनऱ्यांना, परदेशी राहणाऱ्या ओळखीच्यांना, आणि बाडेन-बाडेनच्या माक्स लाइख्टलिनसारख्या वनस्पतीवेड्यांना. आयरिसप्रेमींची कुठलीही संस्था निघायच्या कितीतरी आधी पोस्टाच्या तिकिटांवर चालणारे हे एक मंडळ होते, आणि त्याचे बिनपगारी चिटणीस शेलफर्डला राहत होते. गड्डा कोरडा असला की आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, त्यामुळे आयरिस टपालाने पाठवायला सोयीचे. पूर्व तुर्कस्तानातल्या खारपुतच्या मिशनमधल्या बर्नम बाईंचे नाव फॉस्टर यांनी एका नव्या जातीला दिले. ती जात आजही ‘आयरिस बर्नमे’ म्हणूनच ओळखली जाते.

१८८५ च्या सुमारास तुर्कस्तानातल्या अमास्या गावाहून असेच काही गड्डे आले. ते फुलले तेव्हा फुले नेहमीच्या युरोपीय आयरिसपेक्षा बरीच मोठी निघाली. त्या आयरिसला गावावरून ‘अमास’ हे नाव पडले. सायप्रसहूनही असेच मोठ्या फुलांचे आयरिस मिळाले. फॉस्टर यांनी या मोठ्या आयरिसचा बागेतल्या जुन्या, रंगीबेरंगी आयरिसशी संकर करायला घेतला.

हे काम कसे होते, ते सांगण्याजोगे आहे. भुंगा किंवा मोठी माशी खालच्या पाकळीवरून आत शिरते तेव्हा तिच्या पाठीवरचे पराग एका बारीक ओठासारख्या कडेला पुसले जातात. तो ओठ म्हणजे फुलाचा स्त्री-अवयव. माणसाने हे करायचे तर फूल पुरते उमलण्याआधी त्याचे स्वतःचे परागकोश चिमट्याने काढायचे, खालच्या पाकळ्याही खुडायच्या म्हणजे माशीला बसायला पाट उरत नाही, मग दुसऱ्या फुलाचे पराग त्या ओठावर लावायचे आणि दांड्याला चिठ्ठी बांधायची. दिवस भरले की शेंग धरते. बी पेरले तरी ते लगेच उगवेल याचा भरवसा नाही. काही बिया एकदोन वर्षे मातीत नुसत्या पडून राहतात. रोप आले की फुलायला आणखी दोन-तीन वर्षे. आणि एवढे करून फूल सामान्य निघाले तर ते रोप उपटून टाकायचे. हृदयाचा ठोका मोजणाऱ्या माणसाला चार-पाच वर्षांनी उत्तर देणारा हा प्रयोग कसा मानवला असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

फॉस्टर यांच्या या संकरात एक अडचण दडलेली होती आणि ती त्यांच्या हयातीत कुणालाच कळणे शक्य नव्हते. बागेतल्या जुन्या आयरिसच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात. अमास्याकडच्या मोठ्या आयरिसमध्ये ४८. दोघांकडून निम्मी-निम्मी आली की संततीत १२ आणि २४ मिळून ३६ होतात. ही ३६ पुढच्या पिढीसाठी धड जोडीने वाटता येत नाहीत, आणि असे रोप बहुधा वांझ राहते. म्हणजे सुंदर फूल यायचे आणि घराणे तिथेच खुंटायचे. क्वचित एखाद्या जुन्या आयरिसचे बीजांड आपली २४ गुणसूत्रे निम्मी न करताच पुढे देते. तेव्हा २४ आणि २४ मिळून पुरती ४८ जमतात, आणि जन्माला येते मोठ्या फुलाचे, दणकट आणि वंश चालवणारे रोप. आयरिसमधली ही मोजदाद १९२० नंतरच्या काळात झाली. आजच्या बागांमधले उंच, भरदार आयरिस जवळजवळ सगळे ४८ वाले आहेत, आणि त्यांचा पाया घालणाऱ्या पहिल्या काही जणांत फॉस्टर होते. हिशेब जुळतो आहे, पण कोणत्या नियमाने ते ठाऊक नाही, अशा वहीवर त्यांनी वीस वर्षे काम केले.

नावे ठेवण्यात त्यांना मौज वाटे. ‘मॉनिएरी’ आणि ‘स्पुरिया’ यांच्या संकराला त्यांनी दोघांची नावे कापून जोडून ‘मॉन्स्पुर’ म्हटले. एका पांढऱ्या आयरिसला ‘मिसेस होरेस डार्विन’ हे नाव मिळाले. होरेस हे चार्ल्स डार्विन यांचे धाकटे चिरंजीव, केंब्रिजला उपकरणे बनवणारे. कंदांच्या आयरिसवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका १८९२ मध्ये निघाली.

१८९९ साली ते ‘सर’ झाले. पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघातून ते पार्लमेंटात गेले. १९०१ मध्ये क्षयावरच्या शाही आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ज्या रोगाच्या भीतीने ते चाळीस वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रावर गेले होते, त्याच रोगाचा जनावरांकडून माणसांकडे होणारा प्रसार आता त्यांना तपासायचा होता. राजकारणात मात्र ते रमले नाहीत, असे माझे मत. सरकारचे शिक्षणविषयक धोरण पटले नाही म्हणून १९०३ मध्ये ते बाके बदलून लिबरलांकडे गेले. त्याच वर्षी प्राध्यापकपद आणि चिटणीसपदही सोडले. १९०६ च्या निवडणुकीत ते हरले, तेही अवघ्या २४ मतांनी. आयरिसचा हिशेब वाचून झाल्यावर हा आकडा समोर आला तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले.

आता बागेला पूर्ण वेळ मिळणार होता. पण जानेवारी १९०७ च्या अखेरीस लंडनमध्ये त्यांना अचानक मृत्यू आला. थंडीचे दिवस होते. शेलफर्डच्या उतारावर गड्डे झोपेत होते, आणि अजून एकदाही न फुललेली रोपे चिठ्ठ्या लावून उभी होती.

त्यांची टिपणे पुढे विल्यम डाइक्स यांच्या हाती आली. डाइक्स चार्टरहाऊस शाळेतले मास्तर, आयरिसचे तितकेच वेडे. त्यांनी १९१३ मध्ये आयरिसच्या सगळ्या जातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात फॉस्टर यांच्या टिपणांचा मोठा आधार होता. नाव डाइक्स यांचे झाले, आणि ते योग्यही होते. त्यांनी मेहनत घेतली होती. आयरिसच्या जगातले सर्वांत मानाचे पदक डाइक्स यांच्या नावाचे आहे. १९२२ मध्ये ब्रिटिश आयरिस सोसायटी निघाली. तिने फॉस्टर यांच्या नावाने एक स्मृतिफलक द्यायला सुरुवात केली.

रोपांचे काय झाले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोलचेस्टरच्या वॉलेस यांच्या रोपवाटिकेने फॉस्टर यांचे संकर एकेक करून बाजारात आणले. त्यात सायप्रसचे रक्त असलेली फिकट जांभळी ‘कॅटरिना’ होती. ‘काश्मीर व्हाइट’ नावाचे एक पांढरे आयरिस होते. ते नाव वाचले आणि मला श्रीनगरबाहेरचे ते कबरस्तान, पंक्चर झालेली गाडी, सारे काही आठवले. आणि १९१३ मध्ये, म्हणजे डाइक्स यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, वॉलेस यांनी आणखी एक मोठे, निळसर जांभळे आयरिस विक्रीला काढले. त्याचे नाव ‘लेडी फॉस्टर’.